तिसऱ्या खुर्चीवरचा टॉवेल

मावशीच्या पार्लरमध्ये आरशासमोर तीन खुर्च्या होत्या. चिमटीचा जीव होता तिसरीवर, कारण त्या खुर्चीला मान होता. मधूनच मावशी काचेच्या दारातून बाहेर बघायची आणि हाक मारायची, “चिमटे, टॉवेल!” की आठ वर्षांची चिमटी तुरुतुरु जाऊन निळ्या टॉवेलची घडी खुर्चीवर ठेवायची. टॉवेल पडला की खुर्ची ठरलेली. मग दारात आलेल्या बाईला मावशी अगदी गोड आवाजात सांगायची, “आज जागा नाही हो. त्या खुर्चीच्या बाई येतीलच एवढ्यात.”

आई नोकरीला जायची म्हणून शाळा सुटल्यावर चिमटी मावशीकडेच असे. केसांचे चिमटे दातांत धरून मावशीच्या कोपराशी उभी राहायची, त्यावरून तिचं नाव पडलं. मावशी तिला आपला अर्धा डबा द्यायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे केस घरी जाऊन कापून यायची आणि हसायला लागली की तिच्या हातातली कात्रीसुद्धा थरथरायची. अशी मावशी खोटं बोलेल असं कुठल्या भाचीला वाटेल?

“कोण गं त्या बाई?” चिमटीने एकदा विचारलं होतं.

“आहेत एक. फार कामात असतात.”

एवढं पुरे झालं. बाई विमान चालवतात हे चिमटीने स्वतःच ठरवून टाकलं. शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही तिने बाईंचं सगळं चरित्र सांगितलं. ही मैत्रीण गणितात हुशार आणि शंका काढण्यात त्याहून हुशार.

“इतक्या दिवसांत एकदाही आल्या नाहीत?”

“विमान सोडून कशा येतील?”

“मग केस केवढे वाढले असतील गं त्यांचे!”

दोघींनी वहीच्या शेवटच्या पानावर बाईंचं चित्र काढलं. केस पानाच्या बाहेर जाऊन बाकावर उतरले, आणि त्याबद्दल दोघींना तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

मैत्रिणीचे आजी-आजोबा समुद्रापलीकडून इथल्या कारखान्यात कामाला आले होते. तिचा रंग काळाभोर, केस दाट आणि बारीक कुरळे. चिमटीला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यावरून काही ठरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ती स्वतःच ते रोज ठरवत होती, टॉवेलने.

चिमटी तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. शनिवारची दुपार होती. दाराकडे पाठ करून ती खाली पडलेले केस झाडत होती, तेवढ्यात हाक आली, “चिमटे, टॉवेल!” हाताला पाच वर्षांची सवय. तिने टॉवेल ठेवला, घडीवरून तळवा फिरवला आणि वळली. दारात मैत्रीण उभी होती, आईचा हात धरून. शाळेच्या नाटकात तिला राणीचं काम मिळालं होतं, त्यासाठी केस नीट करून घ्यायचे होते.

मावशीने आपलं गोड वाक्य म्हटलं. मैत्रिणीचा चेहरा एकदम उजळला.

“आई, त्या बाई येणार आहेत! विमानवाल्या! थांबू या ना!”

आईने टॉवेलकडे बघितलं, मग मावशीकडे, मग चिमटीकडे. असे टॉवेल तिने आयुष्यात बरेच बघितले असावेत. ती बाकावर शांतपणे बसली.

“थांबतो आम्ही,” ती म्हणाली. “घाई नाही.”

मग मावशीची जी तारांबळ उडाली, ती बघण्यासारखी होती. नव्या गिऱ्हाइकांना तिसरी खुर्ची देता येईना आणि बाई काही उगवेनात. पहिल्या खुर्चीतल्या बाईंच्या कपाळावरची बट मावशीने तीनदा सारखी केली. पुढे सारखी करायला बटच उरली नाही. दर दहा मिनिटांनी मैत्रीण उठून रस्त्यावर डोकावून यायची.

“ट्रॅफिक असेल,” ती मावशीचीच समजूत घालायची.

चिमटी केरसुणी धरून उभी होती. आजवर टॉवेल टाकला तेव्हा दारात कोण कोण होतं, ते तिला एकेक करून आठवायला लागलं. तान्ह्या बाळाला घेऊन आलेली ती बाई. हॉस्पिटलच्या दोन नर्स. “उद्या येऊ का मग?” असं विचारणारी कॉलेजची मुलगी. सगळ्या मैत्रिणीच्याच, कारखान्याच्या गल्लीतल्या. दुसऱ्या कुणासाठी कधी म्हणजे कधीच टॉवेल पडला नव्हता.

पडद्यामागे तिने मावशीला गाठलं.

“बाई नाहीतच ना?”

“हळू बोल! माझ्या मनात काही नाही गं. पण बाकीची गिऱ्हाइकं काय म्हणतील? एकच कंगवा सगळ्यांना…”

“कोण म्हणालं असं?”

मावशीने पडदा सारखा केला. तिला एकही नाव सांगता येईना.

चिमटी बाहेर आली. तिने खुर्चीवरचा टॉवेल उचलला, स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि ऐटीत खुर्चीत बसली.

“मीच ती बाई,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि माझा नंबर मी हिला देतेय.”

आता खोटं कशाला बोला, तिला वाटलं होतं की सगळे टाळ्या वाजवतील. निदान मैत्रीण तरी धावत येऊन मिठी मारेल. मैत्रीण जागची हलली नाही. गणित सोडवावं तशी ती एकेक पायरी मांडत गेली.

“म्हणजे बाई नाहीत.”

“नाहीत.”

“टॉवेल तू टाकायचीस?”

“हो. पण आज मी बघितलंच नव्हतं गं! तू आहेस हे मला माहीत असतं तर…”

“मी नसते, दुसरी कुणी असती, तर चाललं असतं?”

चिमटीने गळ्यातला टॉवेल काढला. मैत्रिणीची आई उठली आणि मुलीला घेऊन निघून गेली. सोमवारी मैत्रीण पुढच्या बाकावर बसायला गेली. नाटकात ती राणी छान झाली, असं चिमटीने लोकांकडून ऐकलं. ती स्वतः बघायला गेली नाही, लाज वाटली म्हणून.

त्यानंतर तिने कधी टॉवेल टाकला नाही. मावशी आणि ती तीन आठवडे बोलत नव्हत्या. शेवटी मावशीच पुटपुटली, “मला त्यांचे केस कापताच येत नाहीत. ही खरी गोष्ट.”

“मग शिक की.”

मावशी कसली शिकतेय! चिमटीच अठराव्या वर्षी कारखान्याच्या गल्लीत गेली. तिथे बायकांचे केस करणारी एक आजी होती. आजीने तिला खालून वर न्याहाळलं.

“टॉवेलवाली ना तू?”

म्हणजे अख्खी गल्ली तिला ओळखत होती. विमानवाल्या बाईपेक्षा तीच जास्त प्रसिद्ध होती. चिमटीने मान खाली घालून “हो” म्हटलं. आजीने आणखी काही विचारलं नाही, नुसता कंगवा हातात दिला. हे केस कोरडे विंचरायचे नाहीत. ओले करायचे, भाग पाडायचे आणि टोकांपासून सोडवत मुळाकडे जायचं. घाई केली की आजी तोच कंगवा बोटांवर मारायची. वर्षभर मार खाऊन चिमटी शिकली आणि मग तिने मावशीला शिकवलं. मावशी कुरकुरत शिकली, पण हात मुळात चांगला, त्यामुळे छान शिकली. ज्यांची एवढी भीती होती ती गिऱ्हाइकं किती तुटली? दोन. त्यातली एक दुसरीकडे केस जाळून घेऊन महिन्यात परत आली.

आता पार्लर चिमटीचं आहे. मावशी बाकावर बसून सगळ्यांच्या चुका काढते. तिन्ही खुर्च्या भरलेल्या असतात. एकच माणूस आलं नव्हतं, आणि दार वाजलं की चिमटीची मान अजून त्याच आशेने वळायची.

परवा ती आली. वीस वर्षांनी, गणिताची प्रोफेसर होऊन, चष्मा लावून. पहिल्या दोन खुर्च्यांवर बायका होत्या. तिसरी रिकामी होती.

“बाई येऊन गेल्या का?” तिने दारातूनच विचारलं.

चिमटीने मान हलवली, नाही म्हणून. मैत्रीण सावकाश आत आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि बसली. चिमटीने सवयीने घडीचा टॉवेल उचलला, आणि तो हातात तसाच राहिला. निळा नव्हता, पांढरा होता, तरी तिला तो पुढे नेववेना.

मैत्रिणीने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि मान जरा पुढे झुकवली.

“घाल ना गं,” ती म्हणाली. “मानेत केस जातील.”