चार इंच वर, चार बोटं कमी

जुनी जीप मी घेतली ती आक्काला पंचमीला माहेरी आणायला, असं मी घरात सांगितलं. ते खरंच होतं. पण जीप दारात उभी राहिल्यावर माझ्या अंगात जे काही शिरलं, त्याचा आक्काशी काडीचाही संबंध नव्हता.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लहानपणी मला कडेवर घेऊन तिनं आमचं अख्खं येळ्ळूर गाव पालथं घातलं. माझी मान एका बाजूला कलते ती त्यामुळेच, असं माझी बायको म्हणते. आक्काला दिली गुंजीच्या पलीकडे, रानातल्या एका वाडीत. आमच्यात नागपंचमीला लेकीला आणायला भावानं मुराळी होऊन जायचं असतं. एरवी भाऊ कितीही नालायक असो, त्या दिवशी त्यानं बहिणीच्या दारात उभं राहायचं. मी जायचो, आम्ही चालत स्टेशनावर यायचो आणि रेल्वेनं बेळगाव गाठायचो. मग आक्काचे गुडघे गेले. वाडीपासून पक्क्या रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर तांबडा चिखल आणि मध्ये दोन ओढे. माझी साधी कार श्रावणात पहिल्या ओढ्याशीच हात जोडायची. तीन पंचम्या आक्काविना गेल्या. आई तिच्या वाटणीचे तंबिटाचे, गूळ-पिठाचे लाडू डब्यात घालून ठेवायची आणि दिवाळीपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. दिवाळीत ते लाडू खिळे ठोकायला उपयोगी पडत.

आईनं यंदा चौऱ्याऐंशी गाठली. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या पंचमीला मी असंन-नसंन. ह्या वर्साला तेवढं आण तिला." म्हणून जीप.

आता नुसती जीप घेऊन गप्प बसला तर तो माणूस बँकेतला कारकून कसला? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला संध्याकाळी डोंगर चढायची फार हौस असते. महिनाभर मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. दाढीवाले तरुण खडकांवर जीप चढवत होते आणि प्रत्येकजण सांगत होता की गाडी उचलल्याशिवाय तुम्ही माणसात नाही. सस्पेन्शनखाली लिफ्ट किट घालायचं, बॉडी वर उचलायची, खाली राक्षसासारखे टायर लावायचे. बायकोनं विचारलं, "आक्काला आणायला चाललायसा, का हिमालयात?" मी तिला बायकांना यातलं कळत नाही असं सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा वापरणार नाही.

चुलत्यांकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे चाक या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. ते संध्याकाळी येऊन जीपभोवती बैल बघितल्यासारखे फिरले. दात तेवढे बघितले नाहीत. म्हणाले, "चाकात पाणी भर."

"पाणी?"

"मग? भाताच्या रोपलागणीला ट्रॅक्टरच्या मागल्या चाकात आम्ही पाणीच भरतो की. वजन येतंय, चाक जागेवर फिरत न्हाय. हवेवर काय गाडी चालतीया व्हय?"

त्यांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात कुणाची टाप नाही. मी "बघतो" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बेळगावात मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री कानडी माणूस, मराठी आमच्यासारखंच बोलणारा, आणि त्या दिवशी भेटलेला एकमेव शहाणा. त्यानं गाडीखाली झोपून स्प्रिंगचे पाटे बघितले, शॉकअप दाबले आणि बाहेर येऊन दोन प्रश्न विचारले. "अण्णा, गाडी कुठं नेणार? आणि आत कोण बसणार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पाऊण तास दिलं. चिखल, ओढे, खडक, उतार. दुसऱ्याचं द्यायचं राहून गेलं.

"मग दोन इंच लिफ्ट साकु," तो म्हणाला. साकु म्हणजे पुरे. "पयल्यांदाच चालवताय. टायर पण निम्मे रस्त्याचे, निम्मे रानाचे घ्या. एकदम चिखलाचे घेतलासा तर डांबरावर भुंग्यागत आवाज करतात, स्टेअरिंग जड हुतंय, ब्रेक उशिरा लागतोय."

"चार इंच," मी म्हणालो. "आणि चिखलाचेच. मोठे."

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे बघितलं. "आणि अण्णा, चिखलात अडकलासा तर उंचीचा काय उपेग न्हाय. टायरची हवा थोडी काढायची. टायर पसरतंय, माती धरतंय. बाहेर आल्यावर परत भरायची. ही गोष्ट फुकटची हाय, म्हणून कुणी ऐकत न्हाय."

मीही ऐकलं नाही. उलट बाजूच्या पायऱ्याही काढायला लावल्या. खडकाला घासतात म्हणे. येळ्ळूर आणि गुंजीच्या मध्ये तसला खडक कुठं आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चाकात पाणी घालू का, एवढं मात्र चुलत्यांच्या समाधानासाठी विचारलं. मिस्त्री परत गाडीखाली जाऊन झोपला.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. डांबरावर टायर भुंग्यागत नव्हे, भाताच्या गिरणीगत वाजत होते. खानापूरपर्यंत कान बधिर झाले. पण चिखल सुरू झाला आणि खोटं कशाला बोलू, मला राजा झाल्यासारखं वाटलं. पहिला ओढा असा पार केला की पाण्यात उभ्या म्हशीनं मान वळवून बघितलं. दुसऱ्या ओढ्याला मी शीळ घातली. वाडीत शिरलो तेव्हा पोरंटोरं मागे धावत होती आणि आक्का नवं इरकल नेसून पडवीत उभी होती. तीन पंचम्या हुकल्यावर मुराळी आला होता. ती आधी रडली, मग जीपकडे बघितलं आणि रडायची थांबली.

"ह्यात चढायचं कसं रं?"

खरंच, कसं? जीपच्या तळाची फळी तिच्या कमरेच्या आसपास होती आणि पायरी मिस्त्रीच्या गॅरेजात पडली होती. आक्कानं एक पाय उचलून बघितला, तो घोट्याइतका वर आला आणि परत गेला. मी तिला उचलायला वाकलो. जिनं मला तीन वर्षं कडेवर वागवलं तिला मी तीन सेकंदही पेलू शकलो नाही. शेवटी दाजींनी डोकं चालवलं. पडवी उंच होती. मी जीप पडवीला चिकटवून लावली आणि आक्का गुंजी स्टेशनच्या फलाटावरून डब्यात शिरावी तशी आडवी आत शिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरायचं काय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

आमच्या घराला पडवी नाही. उलट समोरचा रस्ता तीनदा काँक्रीट करून करून एवढा वर आला आहे की आमचा उंबरठा खड्ड्यात गेला आहे. दारात जीप थांबली आणि आई काठी टेकत बाहेर आली. दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, आणि मागे पाण्याचा तांब्या घेऊन माझी बायको. लेक आली की तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय तिला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आई कमरेत वाकली आहे. तिनं मान वर केली, अजून वर केली.

"आलीस व्हय गं? उतर की."

आक्कानं पाय बाहेर काढला, खाली बघितलं आणि परत आत घेतला. गुडघा प्रवासात आखडला होता. गल्ली जमली. कुणी म्हणालं शिडी आणा, कुणी म्हणालं जेसीबी बोलवा. चुलते म्हणाले, "पाणी भर म्हणालो हुतो," आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आणायला निघाले.

"तवर मी हितंच ओवाळते," आई म्हणाली. तिनं हात वर केला. तो आक्काच्या गुडघ्यापर्यंत पोचला. आई गुडघ्याभोवतीच तुकडा फिरवू लागली.

"बरोबर हाय आई," आक्का वरून म्हणाली, "दिष्ट त्यालाच लागलीया."

सगळे हसले. आई हसली नाही. काठी माझ्याकडे देऊन तिनं एक हात जीपला टेकला, टाचा उचलल्या आणि दुसरा हात लेकीच्या डोक्याकडे नेला. आक्का होईल तेवढी खाली वाकली. मध्ये चार बोटं राहिली. तीन वर्षं आई याच्यासाठी थांबली होती, आणि मी महिनाभर खपून तिच्या लेकीला तिच्या हाताबाहेर नेऊन ठेवलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नोकरीच्या मुलाखतीत पँट उसवली होती, तेव्हासुद्धा.

तेव्हा मला मिस्त्री आठवला. मी रस्त्यावर फतकल मारली, आईच्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि काडीनं आतली सुई दाबली. हवा फुसफुसत सुटली. मग मागचं चाक. गल्लीतले लोक बघायला पुढे सरकले, नोकरदार माणूस भर रस्त्यात स्वतःच्या नव्या टायरची हवा काढतो हे रोज दिसत नाही. जीप आईच्या बाजूला हळूहळू कलू लागली. एक बोट, दोन बोटं. टायर रिमखाली पसरले, फळी कुरकुरली, आणि आईचा हात आक्काच्या केसांना लागला.

आईनं तुकडा तीनदा ओवाळला, मागे फेकला, बायकोकडचा तांब्या घेऊन पाणी सांडलं. मग रिकामा हात तसाच लेकीच्या डोक्यावर ठेवून बराच वेळ उभी राहिली. आक्का खाली स्टूल ठेवल्यावर दोघा-तिघांच्या आधारानं उतरली आणि लंगडत आत गेली.

मी पंप आणायला उठलो. उंबऱ्यातून आईनं मागे वळून जीपकडे बघितलं.

"आता भरू नगंस रं हवा," ती म्हणाली. "भरलीस की लगीच तिला परत न्यायला निघशील."