कापसाच्या खोलीतलं गाणं

यवतमाळला साडूच्या मुलीचं लग्न होतं, तेवढ्यासाठीच मी कोल्हापूरहून निघालो होतो. पण आमच्या कन्येने बजावलं, "बाबा, फुलसावंगीला गेल्याशिवाय परत यायचं नाही!" तिची आवडती गायिका तिथे राहते. नाव दीपाली, पण गाते 'पऱ्हाटी' (वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला असं म्हणतात) या नावाने. गाते म्हणजे रॅप करते. मी नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस. ज्यात एक तान नाही त्याला गाणं कसं म्हणायचं, हा आमच्या घरातला रोजचा वाद. पण मुलीपुढे माझं काही चालत नाही. तिने परस्पर मेसेज करून माझं जाणं ठरवूनही टाकलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. आर्णीला आलूबोंडा घेतला. दुकानदार म्हणाला, "तर्री टाकू काय जी?" तर्री म्हणजे रश्श्यावरचा लाल तवंग. कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं? म्हटलं, टाका सढळ हाताने. पुढे महागावपर्यंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारच्या बाईंना वाटलं, मी कुणाच्या मयताला निघालोय. त्यांनी मुकाट्याने मला खिडकीची जागा दिली.

फुलसावंगीच्या स्टँडवर दीपाली स्कूटी घेऊन उभी होती. "बसा मांगं, काका. भेऊ नका, हळूच चालवीन," म्हणाली आणि अजिबात हळू चालवली नाही.

घरी तिचे वडील वामनराव ओसरीवर बसले होते. पाणी झाल्यावर तिने मला स्टुडिओ दाखवला. दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. खोलीत आढ्यापर्यंत कापूस! मधोमध एक माणूस मावेल एवढी पोकळी आणि वरून लोकरीचा मोजा चढवलेला माईक लोंबकळत होता. चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची इकडे रीत आहे. त्यात आवाज अजिबात घुमत नाही, हे या पोरीच्या ध्यानात आलं.

"शहरात भिंतीले महागाचा फोम लावते. आपल्याकडं घरचाच हाये," ती म्हणाली. "बस, खाजवते लय."

"आणि कंपनी वगैरे?"

"कोनी नाही. बीट नागपूरचा एक दोस्त पाठवते, बाकी सारं मीच. तीन गाने झाले, चौथ्याचं शेवटचं कडवं राह्यलं. चार झाले का मीच नेटवर टाकीन. पन कापूस गेला का स्टुडिओ गेला. मंग पुढल्या दिवाळीलेच."

बाहेरून वामनराव ओरडले, "आन् हे पोरगी रोज देवाले मांगते, भाव वाढू नको दे म्हनून! बोला आता!"

ते कडवं ती लगेच रेकॉर्ड करणार होती, तेव्हा मीही आत बसायचा हट्ट धरला. गळ्यापर्यंत कापसात रुतलो. दीपालीने सुरुवात केली,

"तुमी म्हना बडबड, मी म्हन्ते गानं,
कायले लाजू बोलीले, हे माह्या मायचं लेनं..."

कुणी कानाशी ओठ आणून बोलावं इतका जवळचा आवाज. तान नव्हती, पण लयीवर अशी पकड की माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. शेवटचं कडवं रंगात आलं आणि कापसाचा तंतू माझ्या नाकात गेला. मी शिंकलो. तेही दणदणीत.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "होते काका," ती हसून म्हणाली. "जेवू अन् मंग करू."

भाकरी आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) झणझणीत भाजी पानात पडली तोच वामनरावांचा फोन वाजला. भाव वाढला होता. व्यापाऱ्याने मेटाडोर पाठवलाही होता. आम्ही आंचवतोय तोवर तो दारात येऊन धडधडू लागला. बंद केला तर ढकलावा लागतो, म्हणून ड्रायव्हर इंजिन थांबवायला तयार नव्हता. त्या आवाजात रेकॉर्डिंग कसलं होतंय!

वामनराव लेकीला हळूच म्हणाले, "वापस पाठवू काय? उद्या बलावू."

"उद्या भाव उतरला तं? म्याबी येचला हाये तो कापूस. भरा."

आणि माईक काढून ती स्वतःच चादरीत कापसाची गाठोडी बांधू लागली. माझी एक शिंक हिला पुढल्या दिवाळीपर्यंत मागे नेणार, या विचाराने मला कसंनुसं झालं. कापूस भरू लागलो, पण मदतीपेक्षा माझी लुडबुडच जास्त होती.

मेटाडोर गेला. खोलीत उरल्या नुसत्या भिंती. दीपाली आत जाऊन सहज खाकरली, तर सगळी खोली खाकरली.

"म्हन ना आता," वामनराव म्हणाले.

"घुमते ना, बाबा."

"घुमू दे. तुवाच आवाज हाये ना तो?"

तिने माईक पुन्हा टांगला आणि ते कडवं एका दमात म्हटलं. वामनराव खोकला यायला नको म्हणून तोंडावर दुपट्टा दाबून दारात उभे होते. मी नाक घट्ट धरलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी तर्रीचा काही संबंध नव्हता.

कोल्हापूरला आलो तरी अंगाची खाज जात नव्हती. काही दिवसांनी चारही गाणी नेटवर आली. कन्येने चौथं मोठ्यांदा लावलं. मी गुपचूप ठेका धरला, तो तिने बरोबर पाहिला. शेवटच्या कडव्याला मात्र तिचा चेहरा पडला. "बाबा, इथे रेकॉर्डिंग बिघडलंय. रिकाम्या घरात उभं राहून गायल्यासारखं वाटतंय."

"बिघडलं नाही गं," मी म्हटलं. "त्यांचा कापूस विकला गेला."