मामांच्या डोक्याचा वास

आमचे मामा तेलाच्या कारखान्यात 'नाक' होते. हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण सगळे नाकच म्हणत. केसांना लावायच्या सुगंधी तेलाचा रोजचा माल त्यांनी हुंगून होकार दिल्याशिवाय बाटलीत जात नसे. मी तिथेच पॅकिंगला आहे म्हणून सांगते, मामांनी नाक मुरडलं की मॅनेजरचा चेहरा पडायचा.

हे नाक बिघडू नये म्हणून मामांनी तीस वर्षं साबण, शाम्पू, पावडर यांना जवळ फिरकू दिलं नाही. डोकं नुसत्या पाण्याने धुवायचे, ओल्या केसांवरच कारखान्याची घट्ट टोपी चढवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन उतरवायचे. टोपी उतरली की खोली रिकामी व्हायची. ओलं फडकं बादलीत विसरलं की कसा वास मारतं, तसा वास. वर खवट तेलाची भर.

पण बोलणार कोण? तुमच्या डोक्याला वास येतो, हे त्यांनी एक वेळ ऐकून घेतलं असतं. तो तुमच्या नाकाला कळत नाही, हे मात्र त्यांना सहन झालं नसतं. शेवटी, त्यांच्याकडे राहायला येऊन चार महिने झाल्यावर, मीच बोलले. माझं तोंड मुळातच फाटकं.

"अशक्य!" मामा गरजले. "अख्ख्या टाकीतला एक खवट थेंब मला कळतो, आणि माझंच डोकं कळणार नाही? मामीला विचार. ती शेजारी झोपते."

मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बाई कधी वास आला नाही."

"ऐकलंस?" मामा म्हणाले, आणि मी जगातली एकमेव खोटारडी ठरले.

मलाही मग इरेला पेटायला काय लागतं! दुसऱ्या दिवशी घरातले चार उशांचे अभ्रे घेतले, नमुन्यांच्या मोठ्या बरण्यांत कोंबले, झाकणं लावली, नंबर घातले आणि दुपारी कारखान्यात मामांच्या टेबलावर बरण्या नेऊन ठेवल्या. मामांनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटले. पहिली बरणी ठीक. दुसरी ठीक. तिसरीचं झाकण काढलं आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"कोणी आणलं हे? बुरशी धरलीय याला! कालपरवाची नाही, महिनोन् महिने मुरलेली. आधी फेकून दे!"

"मामा, तो तुमचा अभ्रा आहे."

मामांनी बरणी पुन्हा नाकाशी धरली. मला वाटलं, आता रडतात. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे नाक शाबूत आहे!" असं म्हणून ते मॅनेजरला सांगायलाच निघाले होते. मी त्यांना हाताला धरून थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मामीला तिथेच बोलावून घेतलं.

बाईंनी केस बाजूला करून पाहिलं. टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या होत्या. "स्वतःच्या वासाची नाकाला सवय होते, बरणीत कोंडून समोर आला की कळतो," त्या म्हणाल्या. "नाक उत्तम आहे. डोकं नाही. ओल्या केसांवर टोपी, धुवायला नुसतं पाणी. बुरशीला आणखी काय हवं? तहान फार लागते का?"

"पाणी भरपूर पितो. पाणी चांगलं असतं," मामा अभिमानाने म्हणाले.

"दर वेळी चांगलंच असतं असं नाही. एवढी तहान आणि वर अशी बुरशी, म्हणजे रक्तातली साखर बघायला हवी." त्यांनी बोटाला सुई टोचली. साखर चांगलीच वाढलेली निघाली. "वास कधीपासून येतोय?"

"ही भाची म्हणते, चार महिने," मामा म्हणाले.

"दोन वर्षं," मामी म्हणाली.

मामा वळून तिच्याकडे बघत राहिले. "तुला तर येत नव्हता."

"येत होता. मी तोंड फिरवून झोपायचे. सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आपलं नाकच गेलं. अन्न गोड लागलं नसतं तुम्हाला." मग तिने पदर डोळ्यांना लावला. "मला काय माहीत, आत साखर वाढतेय? मी आपली तुमचं नाक सांभाळत बसले."

मला मामीचा भयंकर राग आला आणि लगेच तिच्यासाठी रडूही आलं. मामांनी तिचा हात धरला. तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

औषधी शाम्पूला इतका उग्र दर्प होता की मामांनी दीड महिना हुंगण्याच्या कामातून सुट्टी घेतली. पहिल्याच सकाळी डोकं धुऊन, खसाखसा पुसून ते स्वयंपाकघरात आले आणि मामीसमोर मान खाली घालून उभे राहिले.

"हुंग. आणि खरं सांग."

मामीने पदराला हात पुसले, वाकून हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"येतोय," ती म्हणाली. "अजून घाणच येतोय हो."

मामांनी मान तशीच खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले. "उद्या परत सांग."