मानेनं चार्ज सोडला

माझी शेवटची पोस्टिंग म्हैसूरला, म्हणजे घरच्याच गावी. कॅडेट पोरांना ड्रिल आणि फायरिंग शिकवायचं काम. मी सुभेदार, आणि हवालदार माने माझा कोत एनसीओ. कोत म्हणजे रायफली ठेवायची कुलूपबंद खोली. तिची चावी मानेच्या कमरेला. दोघंही इथल्या जुन्या मराठी घरांतले, मी चामराजपुरमचा, तो हिनकलचा. वर्षानुवर्षं फील्डवर काढून तो बायकोमुलांत परतला होता. लोक म्हणायचे, नशीबवान गडी.

कसलं डोंबलाचं नशीब. घरी त्याच्यावाचून सगळं सुरळीत चाललं होतं. मुलं अंगणात कन्नडात दंगा करायची, हा आत आला की चिडीचूप. बाप समोर बसलेला असताना पोरगी सहलीची परवानगी आईला विचारायची. मी एकदा चेष्टा केली, "माने, घरीपण रोलकॉल घेतोस काय रे?" तो हसला नाही. म्हणाला, "घरात माझी हजेरीच लागत नाही, साहेब."

मग त्याची झोप उडाली. डबा न उघडताच परत जाऊ लागला. बुटाचं पॉलिश मात्र चकाचक आणि रिपोर्ट रोज तोच: "सब ठीक, साहब." दुपारी तो कोतचं दार आतून लोटून बसायला लागला. विचारलं तर, "सुम्ने बसलोय, साहेब." सुम्ने म्हणजे उगीच, इकडं सगळे तसंच बोलतात. पण रायफलींच्या खोलीत कुणी उगीच बसत नाही.

त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोनं मला गाठलं. "भावजी, स्वल्प बघा की ह्यांच्याकडं. काल मुलांकडं बघत म्हणाले, मी नसलो तरी ह्यांचं अडणार नाही. मला भीती वाटतेय." मी ठरवलं, सकाळी पहिलं काम म्हणजे चावी काढून घ्यायची.

सकाळी फॉलइनच्या आधी मानेच ऑफिसात आला. सॅल्यूट करून त्यानं चावी टेबलावर ठेवली.

"साहेब, कोतचा चार्ज सोडतो."

"कारण?"

"चावी माझ्याकडं नको." त्यानं ती माझ्याकडं सरकवली. "शिंदे आठवतो?"

आठवत होता. फील्डवर आमच्याच कंपनीत नाईक होता. वायरलेसवर रोज न चुकता 'ऑल ओके, ओव्हर' म्हणायचा. एका पहाटे त्यानं स्वतःच्या हातानं जीव दिला. सगळ्यात आधी मानेनं त्याला पाहिलं होतं.

"मला त्याच्यासारखं जायचं नाही, साहेब," माने म्हणाला.

'माझं मन ठिकाणावर नाही' असं फौजेत कुणी म्हणत नाही. मानेला चार्ज देणं येत होतं, त्यानं ते केलं. मी चावी खिशात घातली आणि त्याला एकटं न सोडता जीपनं बेंगळूरच्या मिलिटरी हॉस्पिटलात घेऊन गेलो. वाटेत मंड्याच्या अलीकडं तो रडायला लागला. मीही रडलो. त्यात लाज कसली?

बरं व्हायला त्याला बराच काळ लागला. आता तो पेन्शनीत आहे, पोरगी त्याच्याशी कडाकडा भांडते.

दर वर्षी आम्ही माजी सैनिक जमतो आणि कामी आलेल्यांची नावं वाचतो. शिंदेचं नाव त्यात नसतं, कारण त्याला शत्रूनं मारलं नाही. वाचन संपलं की माने उठतो, टाचा जुळवतो आणि म्हणतो, "नाईक शिंदे. दोन लेकरांचा बाप."

पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर मी एकटाच उभा राहिलो. आता सगळे उठतात.