परका दिवा

चीनमधल्या हेफेई शहरातल्या त्या कारखान्यात हिवाळ्यात कोणी कोट काढत नाही. रुआन देशंग कोट घालूनच यंत्रं तपासायचा. प्रकाशाच्या कणांवरून गुप्त किल्ली, म्हणजे निरोप कुलूपबंद करणारे आकडे, पोचवणारी यंत्रं. दिवा एका टोकाला असतो. त्याचा झोत तारेतून दुसऱ्या टोकाला जातो, तिथे मंद होतो, गुपित घेऊन परततो. जाताना वाटेत कोणी झोतच बदलला, तर किल्ली चोराच्या हाती.

त्या दिवशी टेबलावर त्साईचा दिवा होता. त्साई रुआनचा जुना सोबती, निवृत्तीला टेकलेला. हा त्याचा शेवटचा दिवा. भरवशावर पास होणाऱ्या दिव्याच्याच झाकणावर घडवणाऱ्याच्या आडनावाची पट्टी राहते. त्साईने ती आधीच चिकटवली होती. पण झोत डळमळत होता, मर्यादेच्या जरासा बाहेर.

रुआनने कंटाळून डोळे चोळले आणि झोताचा थोडा भाग बाजूला काढून सतत मोजणारं उपकरण जोडलं.

त्साई भडकला. "माझ्या दिव्यावर पहारा? अरे, समोर बसलोय मी! जन्मभर एका टेबलावर नूडल्स ओरपल्या आपण!"

"ओरडू नकोस, डोकं दुखतंय. तुझा म्हणून घेतला तर दिवा सांगितल्याबरहुकूम हवा. तो नाहीये. नापास. परका म्हणून, म्हणजे चोराच्या हातचाच समजून घेतला, तर त्याने काही सांगायलाच नको. येईल तो झोत मोजायचा आणि डळमळेल तेवढी किल्ली तोकडी करायची."

"म्हणजे तू भरवसा ठेवलास तर मी बुडालो?"

"हो."

"झक मारली नि तुझ्याशी दोस्ती केली." त्साई स्टुलावर बसला. "फार तोकडी होईल का रे?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"अंदाज तर असेल."

"आहे. पण तुझ्यासाठी जीव तुटतो ना, म्हणून तो धरवत नाही."

दुपारभर दोघं आकड्यांकडे बघत बसले. कोणी जेवायला उठलं नाही. संध्याकाळी रुआन म्हणाला, "झाला पास. किल्ली जराशीच तोकडी होते. पण परका म्हणून."

त्साईने दिवा स्वतःकडे ओढला. त्याने नखाने पट्टीचं टोक उचकटायला घेतलं. थंडीने डिंक दगड झाला होता.

"थांब, नख मोडशील," रुआन म्हणाला. थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतून त्याने पेला पट्टीवर टेकवला, आणि डिंक सुटेपर्यंत दोघं त्या पेल्यावर हात शेकत राहिले.