साखरशेतचा चढ
काल जव्हारच्या पंपावर टाकी भरताना पेट्रोलचा वास नाकात गेला आणि मला साखरशेतचा चढ आठवला. मी तेव्हा नवी नर्स होते. माझ्या पगारातून घेतलेल्या मोपेडवर लशींचा डबा बांधून पाड्यापाड्यांवर जायचे. पेट्रोल होतं नऊ रुपये लिटर, त्यामुळे टाकीत किती उरलंय हे बघायची सवयच नव्हती. स्वस्त होतं, पण पंप मात्र जव्हारलाच, हे त्या दिवशी चढाच्या पायथ्याशी गाडी बंद पडल्यावर कळलं. वर शाळेत आया पोरं घेऊन थांबलेल्या, डब्यातला बर्फ वितळत चाललेला. पायडल मारून पाहिलं तर थोड्याच अंतरात दम संपला. बाजूच्या उतारावर बाया नाचणीतलं तण बेणत होत्या. त्यांतली एक म्हातारी चिखलाचे हात लुगड्याला पुसत आली. “बाय, गाडी नवऱ्याची का?” “नाही, माझी. माझ्या पगाराची.” तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वळून हाक दिली, “या गं सगळ्या, बाईची सोताची गाडी हाय.” मी ढकलायला उतरले, तर तिने मलाच दटावलं, “तू बस वर. तुझी गाडी, तू बसूनच गावात जायचं.” सहाजणींनी ढकलत मला तसंच शाळेपर्यंत नेलं. डबा उघडला तेव्हा बर्फ शिल्लक होता. त्यानंतर कितीतरी टाक्या भरल्या, पण इतक्या ताठ मानेने मी गाडीवर पुन्हा कधी बसले नाही, आणि त्या दिवशी टाकीत थेंबही नव्हता.