तिसऱ्या सहीची जागा

भंडाऱ्याच्या कोर्टात केशवराव म्हणजे मृत्युपत्रांचे वकील. मारामाऱ्या, खून असल्या खटल्यांना ते हात लावत नसत. मी त्यांचा टायपिस्ट. लोक चेष्टेने त्यांना यमाचे वकील म्हणत आणि मला चित्रगुप्त. केशवरावांचा एकच हट्ट असे: साक्षीदार तरुण घ्या, तुम्ही गेल्यावर कोर्टात उभा राहील असा.

हा हट्ट त्यांनी एकदाच सोडला. त्याचा संताप मला अजून येतो.

१९७४ साली कोंढ्याचे मारोतराव आले. मूलबाळ नाही, बायको जाऊन वीस वर्षं झालेली. तेव्हापासून रुखमिणी नावाची एक विधवा त्यांचं घर सांभाळत होती. लग्न नाही, पाट नाही. कायद्याने ती त्यांची कोणीच नव्हती. घर आणि तीन एकर धानाची बांधी तिच्या नावे करायची होती, नाहीतर मारोतरावांच्या मागे पुतणे तिला बाहेर काढणार हे ठरलेलंच होतं.

साक्षीला त्यांनी भैय्याजी आणि धनीरामला आणलं होतं. दोघेही ऐंशीच्या घरातले, दोघेही अंगठेबहाद्दर.

"एखादा जवान माणूस नाही का?" केशवरावांनी हळूच विचारलं.

"गावातले मोठे सोडून पोट्टे कायले आणू, साहेब? भैय्याजीले वाईट नाही वाटन का?"

भैय्याजी समोरच बसले होते. 'तुम्ही यांच्या आधी जाल' हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? केशवराव भिडस्त. गप्प बसले. मारोतरावांनी सही केली, खाली दोन अंगठे उमटले, त्याखाली बोटभर कोरी जागा उरली.

पाच वर्षांत दोन्ही म्हातारे गेले. केशवरावांनी लगेच कार्ड टाकलं, 'या, नवीन करू.' तोवर मारोतरावांना लकवा मारला होता, वाचा गेली होती. पुढच्या वर्षी तेही गेले आणि पुतण्यांनी मृत्युपत्र खोटं ठरवायला दावा लावला.

केशवराव स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. मीही राहिलो. अंगठे त्या दोघांचेच, आमच्यासमोर लावलेले, असं शपथेवर सांगितलं.

"साक्षीदार म्हणून तुमची सही आहे?" समोरच्या वकिलाने दोघांनाही एवढंच विचारलं.

नव्हती. दोन्ही साक्षीदार गेलेले, आणि सही नसलेल्यांचा शब्द साक्षीदाराचा धरता येत नाही, असं ठरून १९८५ साली निकाल विरुद्ध गेला.

पायऱ्यांवर रुखमिणी थांबली होती. "साहेब, मालकानं सही केली तवा तुम्ही तं होते ना तिथं? पाह्यलं ना?"

"पाहिलं, बाई."

"मंग?"

तिने पुन्हा विचारलं नाही, ते केशवरावांना फार लागलं. घराला पुतण्यांचं कुलूप लागणार होतं. ती पवनीच्या एसटीत बसली. उतरून जाणार कुठे, हे तिलाही माहीत नसावं.

केशवरावांनी त्यानंतर एकही मृत्युपत्र लिहिलं नाही. ऑफिसात नुसते बसून राहायचे. एकदा म्हणाले, "एका म्हाताऱ्याले वाईट वाटू नये म्हणून बाई रस्त्यावर आणली रे मी."

मी धीराचा शब्द काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार? मृत्युपत्र झालं त्या दिवशी मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ती कोरी जागा मला दिसली होती, खिशात पेन होता, आणि मीही भैय्याजींकडे पाहून गप्प बसलो होतो.